बघतो, करतो, होऊन जाईल

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय 32, हिंजवडीत 8 वर्षं गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, दिवाळी करून जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या कंपनीत टीम लीड म्हणून रुजू होणार. हाताखाली 9 जण, त्यातले 5 इथे आणि 4 पुण्यात. लीडर म्हणून स्वतःत काय सुधारावं, आणि इथली माणसं मला मानतील का?

मी 11 वर्षं याच भागात आहे, त्यातली 7 टीम सांभाळण्यात गेली, म्हणून लिहिते. वयाने लहान आहेस म्हणून एकेरीवर आले. तू इथे असं करू नकोस हं. जर्मनमध्ये 'झी' म्हणजे आपलं अहो आणि 'दू' म्हणजे अरे-तुरे. बऱ्याच ऑफिसांत आता सरसकट दू चालतं, पण समोरच्याने म्हटल्याशिवाय आपण सुरुवात करायची नाही.

आधी एक कामाचं. करारात तुझं पद नक्की कोणतं आहे ते विचारून घे. इथे टीम लीड दोन प्रकारचे असतात. 'फाखलिश' म्हणजे फक्त तांत्रिक कामाची दिशा ठरवणारा, आणि 'डिसिप्लिनारिश' म्हणजे रजा, पगार, मूल्यमापन हेही ज्याच्याकडे आहे तो. पहिल्या प्रकारात असशील तर तुझ्या हातात अधिकार जवळजवळ काहीच नसतो, लोकांना पटवूनच काम काढावं लागतं. प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ, बहुधा 6 महिन्यांचा असतो. त्यात दोन्ही बाजूंना 2 आठवड्यांच्या नोटिशीवर करार मोडता येतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळं बदलून टाकायचा उत्साह जरा आवर.

आता खरं सांगायचं ते. तू 'हाताखाली' लिहिलंस ना, मीही तसंच म्हणायचे.

लीड होऊन दोन महिने झाले होते. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला लक्षात आलं की सोमवारच्या डेमोला एक चाचणी राहिली आहे. टीममधल्या सगळ्यात अनुभवी माणसाकडे गेले. पन्नाशी उलटलेला, पक्का श्वाबियन, म्हणजे मूळचा याच भागातला. म्हटलं, उद्या दोन-तीन तास येऊन एवढं उरकता येईल का? तो म्हणाला, 'नाइन.' म्हणजे नाही. बस, एवढंच. ना 'जमलं असतं तर आलो असतो', ना 'घरी पाहुणे आहेत'. मग उठला, कप विसळला, खुंटीला उलटा टांगला, 'शोनेस वोखनएंडे', म्हणजे शनिवार-रविवार छान जावो, म्हणून गेला. मी तिथेच उभी. पुण्यात मला कुणी असं तोंडावर नाही म्हटलंच नव्हतं. रविवार रात्रीपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते.

सोमवारी तो माझ्याआधी हजर. त्याने शांतपणे सांगितलं, शनिवारी टेस्ट बेंचवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रणेवर, दुसऱ्या टीमचं काम होतं, मी आलो असतो तरी नुसता बसलो असतो. आणि शनिवारचा जादा वेळ तू आणि मी ठरवून होत नाही, त्याला बेट्रीब्सराटची संमती लागते. ही कामगारांनी निवडून दिलेली समिती. तिला 1972 च्या कायद्याने अधिकार आहेत, आणि ओव्हरटाइम हा त्यातला ठळक विषय. 'का नाही' हे मी शुक्रवारीच विचारलं असतं तर त्याने तेव्हाच सांगितलं असतं. पण नकार ऐकला आणि माझे कान बंद झाले. माझ्या मते इथे लीडरचं पहिलं शिक्षण हेच: 'नाही' ऐकल्यावर न दुखावता पुढचा प्रश्न विचारता यायला हवा.

बेट्रीब्सराटशी दुसरी गाठ पडली तीही माझ्याच हुशारीने. पुण्याच्या सवयीने मी एक एक्सेल केली: उभ्या रांगेत नावं, आडव्या रांगेत तारखा, कुणी किती तिकिटं (म्हणजे नोंदवलेली कामं) बंद केली त्याचे आकडे, कमी असेल तिथे लाल रंग. सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. तिसऱ्या दिवशी समितीच्या एक बाई आल्या, समोर बसल्या आणि विचारलं, हे कुणाच्या परवानगीने? माणसांच्या कामावर किंवा वागण्यावर नजर ठेवता येईल असं कुठलंही तांत्रिक साधन त्यांच्या संमतीशिवाय वापरता येत नाही, आणि त्यात साधी एक्सेलही धरतात. फाइल तासाभरात काढली. गंमत अशी की ती गेल्यावर कामं अडली नाहीत. फक्त कोण कुठे अडलंय हे कळायला मला उठून माणसापाशी जावं लागलं. त्या लाल चौकोनांतला एक ज्याचा होता, तो दोन नव्या मुलांना शिकवण्यात आठवडा घालवत होता. एक्सेलमध्ये ते कुठे दिसणार?

आता पुण्याकडची बाजू. तुला हीच जास्त जड जाईल बघ, कारण आपली माणसं आपल्याला कळतात अशी आपली समजूत असते. कॉलवर जर्मन सहकारी विचारतो, गुरुवारपर्यंत होईल? पुण्याहून उत्तर येतं, येस येस, विल बी डन. तो वहीत 'गुरुवार' लिहितो. मला मात्र त्यामागचं मराठी ऐकू येतं. 'बघतो' म्हणजे बहुतेक नाही. 'करतो' म्हणजे अजून हात लावलेला नाही. 'होऊन जाईल' म्हणजे देव जाणे. यात लबाडी नसते. वरिष्ठाला तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा, आणि रात्री जागून का होईना पूर्ण करू ही खरी तयारीही असते. पण इथल्या माणसाने त्या शब्दावर पुढची चार कामं लावलेली असतात. गुरुवारी काम आलं नाही की तो ओरडत नाही, पण त्याचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला वर्ष जातं.

मी यावर एकच उपाय केला: 'होईल का?' विचारणं सोडलं. त्याऐवजी 'गुरुवारी हवं असेल तर तुझं दुसरं कोणतं काम बाजूला ठेवू?' असं विचारते. या प्रश्नाला 'येस' म्हणून सुटता येत नाही. पहिल्यांदा सगळे गप्प. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी हळूच म्हणाली, मॅम, गुरुवार नाही, मंगळवार. मी कॉलवर सगळ्यांसमोर तिचे आभार मानले आणि तारीख बदलली. त्यानंतर बाकीचेही बोलायला लागले. पण तिथून नकार आला की तो वर नेऊन तुझ्या मॅनेजरसमोर मांडायचं काम तुझं. खालून नाही ऐकायचं आणि वर हो म्हणायचं असं केलंस तर महिनाभरात पुन्हा 'होऊन जाईल'वर गाडी येईल.

मीटिंगची वेळ बघ. इथलं आणि पुण्याचं अंतर उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. हिवाळ्यात इथे चारला कॉल ठेवलास की पुण्यात साडेआठ. पुण्यात असताना कुकरच्या शिट्ट्या म्यूट करत मी ते कॉल केलेत, म्हणून माझ्या टीमची मीटिंग सकाळी साडेनऊला. इथल्यांनी थोडी कुरकुर केली, मग सवय झाली.

कौतुकाबद्दल. श्वाबियन लोकांची एक म्हण आहे, 'नेट गशिम्प्ट इश गलोब्ट गनुग': शिव्या दिल्या नाहीत, म्हणजे पुरेसं कौतुक झालं. आपल्या 'ग्रेट जॉब टीम' मेलला इथे कुणी भुलत नाही. नेमकं काय बरं झालं ते एका वाक्यात सांग, तेवढं त्यांना पोचतं. कागदावर मात्र फार काटेकोर आहेत. नोकरी सोडताना मिळणाऱ्या प्रमाणपत्रात 'आमच्या पूर्ण समाधानाने काम केलं' असं असेल तर ते जेमतेम मधला शेरा. 'सदैव आमच्या परिपूर्ण समाधानाने' असेल तरच उत्तम. कुणासाठी मसुदा लिहायची वेळ आली तर आपल्या मनाने छान छान लिहू नकोस, एचआरला विचार.

बाकीचं झटपट. कुणी 'आजारी आहे' कळवलं की काय झालंय विचारायचं नाही. आपल्याला ते माणुसकीचं वाटतं, इथे ती चौकशी ठरते. 'लवकर बरा हो' एवढं लिही. तीन दिवसांपेक्षा जास्त आजारपण असेल तर डॉक्टरचा दाखला लागतो, काही कंपन्या आधीही मागतात. रजेवरच्या माणसाला फोन नाही. दिवसाला 10 तासांच्या वर कामाला बसवायचं नाही, काम संपवून निघाल्यावर पुन्हा रुजू होईपर्यंत 11 तास मोकळे. पुरुषही मुलासाठी काही महिने पालक-रजा घेतात, तेव्हा चेहरा पाडू नकोस, बदली माणूस शोध.

भाषा. ऑफिस इंग्रजीत चालेल, पण कॉफी मशीनपाशी जर्मन चालतं, आणि टीमची खरी खबर तिथेच मिळते. पुण्यातच मॅक्सम्युलर भवनात सुरुवात कर. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर, येत असशील तर जर्मनच्या बी1 (मध्यम) पातळीवर 21 महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, ए1 (अगदी प्राथमिक) वर 27. नियम बदलतात, तेव्हाचे बघून घे.

निघायला दोन-तीन महिने आहेत ना? मग आत्ताच्या नोकरीत सराव कर. ज्युनियरचं काम रात्री बसून स्वतः दुरुस्त करायची खोड असेल (मला होती) तर महिनाभर सोड. चूक दाखव, त्यालाच करू दे. आणि मॅनेजरला एकदा तरी कारण देऊन नाही म्हणून बघ. तिथे जमलं नाही तर इथे परक्या भाषेत जमणार नाही.

मानतील का, म्हणतोस. पहिल्या महिन्यात कुणी मानत-बिनत नाही, नुसतं बघत असतात. नवीन माणसाने टीमला काहीतरी खाऊ घालायची इथे पद्धत आहे, 'आइनश्टांड' म्हणतात. दिवाळी करून येतोयस तर फराळ आण. शंकरपाळे जास्त, चकली बेताची तिखट. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात मनाई आहे, तेव्हा पेढ्यांच्या फंदात पडू नकोस. चिवड्याच्या डब्यावर 'यात शेंगदाणे आहेत' अशी जर्मनमध्ये चिठ्ठी लाव, लोकांना ॲलर्जी असते.