सॅमनसाठी धरणाचं पाणी ठरवून कसं सोडतात, आणि गोव्यात तसं करता येईल का?

अमेरिकेत सॅमन माशांसाठी धरणांचं पाणी ठरवून सोडतात, ते वीज आणि पूर सांभाळून कसं जमतं, आणि आपल्या गोव्यात तसं काही होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी सत्तरी तालुक्यातला, नदीकाठी वाढलेला. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळातली अडचण अशी, की धरणाला जे पाणी अडवायचं असतं, माशाला नेमकं तेच पाणी प्रवासाला हवं असतं. कोलंबिया नदीच्या खोऱ्यात वसंतात बर्फ वितळून लोंढा येतो. एप्रिल ते जून या दिवसांत सॅमनची बोटभर पिल्लं त्या लोंढ्याबरोबर समुद्राकडे निघतात. त्याच सुमारास त्यांचं शरीर खाऱ्या पाण्यासाठी बदलत असतं, त्यामुळे वाटेत रेंगाळून चालत नाही. आणि 1938 च्या बॉनव्हिलपासून 1975 च्या लोअर ग्रॅनिटपर्यंत एकेक धरण होत गेलं, तशी धावती नदी एकापुढे एक संथ तलाव होऊन बसली.

जास्त पाणी सोडलं की काम झालं, असंही नाही. टर्बाइनमधून जाताना पिल्लं मरतात, म्हणून पाणी सांडव्यावरून सोडायचं. तेवढी वीज बुडते. सांडव्यावरून फारच सोडलं, तर कोसळणाऱ्या पाण्याबरोबर हवा खोल जाऊन विरघळते आणि माशांच्या रक्तात बुडबुडे धरतात. म्हणून विरघळलेल्या वायूलाही मर्यादा घातलेली आहे. 2018 च्या अखेरीस झालेल्या करारात यावर तोडगा निघाला: दिवसाचे 16 तास सांडव्यावरून जास्त पाणी, आणि विजेला मागणी असते ते 8 तास कमी.

मला सगळ्यात भावतो तो हॅनफर्ड रीच या कोलंबियाच्या एका पट्ट्यातला प्रकार. तिथे चिनूक सॅमन ऑक्टोबर-नोव्हेंबरात नदीच्या गोट्यांत खड्डे करून अंडी घालतात, तेही प्रामुख्याने दिवसाउजेडी. विजेची मागणी दिवसा जास्त, म्हणजे पाणीही दिवसा जास्त सुटणार, आणि मासे काठाजवळ उंचावर अंडी घालणार. मग पाणी उतरलं की ती उघडी पडणार. म्हणून 1988 च्या व्हर्निटा बार करारापासून त्या दिवसांत उलट करतात: दिवसा पाणी कमी, रात्री जास्त. मासे खालच्या पातळीवरच घरटी करतात. नंतर पिल्लं गोट्यांतून बाहेर येईपर्यंत पाणी त्या पातळीखाली जाऊ द्यायचं नाही. यासाठी ग्रँड कूलीपासून प्रीस्ट रॅपिड्सपर्यंतच्या सात धरणांना एकमेकांशी ताळमेळ ठेवावा लागतो, आणि त्यांचे मालकही एक नाहीत.

उन्हाळ्यात प्रश्न तापमानाचा. 2015 मध्ये पाणी तापून कोलंबियात लाखो सॉकाय सॅमन मेले. कोलंबियाला मिळणारी स्नेक नदी तापू नये म्हणून ड्वॉरशॅक धरणाच्या खोल थरातलं गार पाणी जुलै ते सप्टेंबर सोडतात. लोअर ग्रॅनिटच्या खाली 20 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे लक्ष्य. पण गार पाण्याचा साठाही मोजकाच. जुलैत उधळला तर सप्टेंबरात काय करणार?

हे सगळं ठरतं एका तांत्रिक समितीत. धरणं चालवणारे, वीज विकणारे, मत्स्य खात्याची माणसं, राज्यं आणि तिथल्या आदिवासी जमाती हंगामात नियमित एकत्र बसतात आणि पुढच्या दिवसांचं पाणी ठरवतात. पूर आला तर पूर आधी, यात वाद नाही. पण माशाचं वेळापत्रक त्यांच्या टेबलावर असतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच नसतं.

आपल्याकडे सॅमन नाही, पण चढणीचे मासे आहेत. मृगाचा पाऊस पडून ओहोळांना लाल पाणी आलं, की पोटात गाभोळी घेऊन मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात, थेट शेतांपर्यंत. नेमकं जूनमध्ये धरणं रिकामी असतात आणि येणारं पाणी आधी अडवतात. साळावलीच्या सांडव्याला तर दरवाजेच नाहीत. धरण भरल्याशिवाय तिथून थेंब येत नाही. पाणी पिण्याचं आहे, त्यामुळे साठा झालाच पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण जिथे दरवाजे किंवा विमोचक (पाणी सोडायची खालची वाट) आहेत, तिथे पहिल्या मोठ्या पावसाबरोबर दोन-तीन दिवस थोडं पाणी खाली सोडणं अशक्य नाही. तिळारीसाठी मात्र महाराष्ट्राशी बोलावं लागेल.

त्याहून सोपं काम बंधाऱ्यांचं आहे. उन्हाळ्यासाठी घातलेल्या फळ्या पाऊस सुरू झाला तरी जागच्या जागी राहिल्या, की मासे बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडकून उड्या मारत राहतात आणि लोक जाळी लावून गाभोळीसकट सगळे उचलतात. याला ना नवा कायदा लागतो, ना मोठा पैसा. तुमच्या गावातल्या बंधाऱ्याच्या फळ्या कधी काढणार, हे पावसाआधीच्या ग्रामसभेत विचारा आणि तारीख इतिवृत्तात लिहून घ्या.