दोन वस्तू एकदम लावल्या की लॅपटॉप हळू का चार्ज होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ६५ वॉटचा नवा चार्जर आहे, दोन यूएसबी-सी पोर्ट (छोटे, गोलसर कडांचे) आणि एक यूएसबी-ए पोर्ट (जुना, चौकोनी). लॅपटॉप एकटा लावला की झकास चालतो. शेजारी मोबाईल लावला की लॅपटॉप 'चार्जिंग हळू होत आहे' असं दाखवतो, आणि लावतानाच्या त्या क्षणी दोन्हींचं चार्जिंग एकदा बंद होऊन परत सुरू होतं. चार्जर खराब आहे का, बदलून घ्यावा का?

नका बदलू. तुम्ही सांगता तेवढ्यावरून तरी चार्जर ठणठणीत आहे. अमळनेरला माझं मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे आणि ही तक्रार काउंटरवर सारखी येते. "चार्जर ते नवा शे, मंग इतला येळ का बरं लागस, भो?" याचं उत्तर चार्जरच्या पोटावरच छापलेलं असतं, फक्त पांढऱ्यावर फिक्कट करड्या अक्षरांत, त्यामुळे कोणी वाचत नाही. मोबाईलने फोटो काढा आणि मोठा करून बघा.

तिथे साधारण असं सापडेल. सी१ एकटा: ६५ वॉट. सी१ आणि सी२: ४५ अधिक २०. सी१ आणि ए: ४५ अधिक १८. तिन्ही भरले तर सी१ला ४५ आणि बाकी दोघांना मिळून १५. कंपनीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण मांडणी बहुधा हीच. खोक्यावरचा ६५ हा एकूण साठा आहे, प्रत्येक भोकाचा नाही. धुळ्याकडे पांझरा नदीच्या फडांवर, म्हणजे बंधाऱ्याच्या सामाईक पाण्यावरच्या शेतांत, पाणी सोडणारा पाटकरी जे काम करतो ते इथे एक चिप करते: बंधाऱ्यातलं पाणी मोजकं, कोणत्या चारीला किती सोडायचं ते आधी ठरलेलं.

आत काय असतं? भिंतीतले २३० व्होल्ट आधी एका ठिकाणी उतरवून डीसी केले जातात. त्यानंतर प्रत्येक पोर्टसाठी वेगळं छोटं सर्किट असतं, ते त्या पोर्टला लागेल तो व्होल्टेज बनवतं: ५, ९, १५ किंवा २०. खर्च वाचवायला बरेच उत्पादक सी२ आणि ए या दोघांना मिळून एकच सर्किट देतात. एका सर्किटमधून एका वेळी एकच व्होल्टेज निघणार. म्हणून त्या दोन्ही पोर्टांत काही लावलं की चार्जर मुकाट्याने सगळ्यांना चालेल अशा ५ व्होल्टवर येतो आणि दोघांत मिळून १५ वॉट उरतात. फास्ट चार्जिंग गेलं. दोन मोबाईल लावायचे असतील तर एक सी१ला लावा, सी२ आणि ए असे शेजारी शेजारी लावू नका, एवढं कळलं तरी निम्मी कटकट मिटते.

आता ते क्षणभर बंद होणं. सी पोर्टमध्ये वीज नुसती सोडून दिलेली नसते, आधी बोलणी होतात. केबलमध्ये सीसी नावाची एक बारीक तार असते, तिच्यावरून चार्जर यादी पाठवतो: माझ्याकडे ५ व्होल्ट ३ ॲम्पिअर आहे, ९ला ३ आहे, २०ला सव्वातीन आहे. लॅपटॉप त्यातली एक ओळ निवडून मागतो, चार्जर हो म्हणतो, व्होल्टेज चढवतो आणि 'तयार' असं कळवतो. याला पॉवर डिलिव्हरी म्हणतात, पीडी. किती ओढायचं ते लॅपटॉप ठरवतो. चार्जर फक्त वरची मर्यादा सांगतो. म्हणून ६५ वॉटचा चार्जर लहान मोबाईलला लावला तर मोबाईल जळेल ही भीती काढून टाका.

तुम्ही मोबाईल लावलात की चार्जरला आधी दिलेला शब्द मागे घ्यावा लागतो. माझ्याकडे केबलच्या मध्ये बसणारा छोटा मीटर आहे, त्यावर हे स्वच्छ दिसतं. लॅपटॉप चालू आहे, आकडा २० व्होल्ट, ३ ॲम्पिअरच्या आसपास. दुसऱ्या पोर्टला मोबाईलची पिन सरकवली की आकडा धाडकन शून्य. मग ५. मग परत २०, पण ॲम्पिअर आता सव्वादोनच्या वर जात नाहीत. २० गुणिले सव्वादोन, झाले ४५ वॉट. मोबाईल काढला की हाच तमाशा उलटा. खरं तर पीडीच्या नियमांत वीज न तोडता नवी यादी पाठवायची सोय आहे, आणि चांगले चार्जर तसं करतातही. बाकीचे सगळं बंद करून पहिल्यापासून सुरुवात करतात, कारण ते सोपं पडतं. ऐकायला 'टुंग' येतं, नुकसान काही नाही.

ए पोर्टची गोष्ट जुन्या काळची. तिथे सीसी तार नसते; डेटाच्या दोन तारांवरच्या व्होल्टेजच्या खाणाखुणांवर काम चालतं. चार्जरने त्या दोन तारा आपसात जोडल्या असतील तर मोबाईल समजतो की हा कॉम्प्युटर नाही, चार्जर आहे, दीड ॲम्पिअरपर्यंत ओढायला हरकत नाही.

वाटणीतला सगळ्यात वैतागवाणा भाग असा की स्वस्त चार्जर गरज बघत नाही, हजेरी बघतो. इअरबड्सच्या डबीला २-३ वॉट पुरतात. पण ती सी२ला लावली की तिच्या नावावर २० वॉट बाजूला पडले आणि लॅपटॉपचे तेवढे कापले गेले. मोबाईल ९५ टक्क्यांवर येऊन थेंब थेंब ओढत असला तरी त्याचा वाटा अडकलेलाच. काही महाग चार्जर दर थोड्या वेळाने प्रत्यक्ष किती ओढलं जातंय ते मोजून वाटा बदलतात. त्यांच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं. तुमचा तसा दिसत नाही. तेव्हा लॅपटॉप सी१ला, मोबाईल सी२ला, आणि डबी, घड्याळ वगैरे चिल्लर घरात पडलेल्या जुन्या चार्जरला. लॅपटॉपवर जड काम चालू असेल तर तेवढा वेळ मोबाईल काढूनच ठेवा. ४५ वॉटमध्ये काही लॅपटॉप प्लग लावलेला असूनही बॅटरी खातात.

केबलही बघा. ६० वॉटच्या वर जायचं तर आत ओळख सांगणारी चिप असलेली, ५ ॲम्पिअरची केबल लागते. साध्या केबलवर ६५चा चार्जर ६०लाच थांबतो. आणि मोबाईलवर '६७ वॉट', '८० वॉट' लिहिलंय म्हणून या चार्जरवर तो तेवढा वेग देईलच असं नाही, कारण बऱ्याच कंपन्यांची ती पद्धत त्यांच्या स्वतःच्या चार्जरशीच जुळते. सॅमसंगच्या २५ वॉटला चार्जरमध्ये पीपीएस लागतं, म्हणजे व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी कमी-जास्त करायची पीडीतली सोय. ते तुमच्या चार्जरवर छापलंय का ते त्याच फोटोत दिसेल.

तुम्ही शिरपूरचे, म्हणून उन्हाळ्याचं बोलायलाच हवं. शिरपूर काय, जळगाव-भुसावळ काय, मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. ६५ वॉट देणारा चार्जर ५-७ वॉट नुसती उष्णता म्हणून सोडतो, आणि ती काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या डबीतून. फार तापला की तो स्वतःच छोटी यादी पाठवायला लागतो. पलीकडे मोबाईलचीही तीच गत: ॲपल आपला आयफोन ० ते ३५ अंशांच्या वातावरणात वापरा म्हणते, आणि आपल्याकडे पत्र्याखालची दुपार अशी की ३५ म्हणजे रात्रीचं तापमान वाटावं. तेव्हा दुपारी दोनला वाटणी तपासू नका, उत्तर चुकीचं येईल. पहाटे तपासा. चार्जर गादीवर, उशीखाली ठेवायचा नाही, हे लहान पोरांना निक्षून सांगा.

शेतावरच्या खोलीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १७०वर येतो, त्याची मात्र फारशी काळजी नको. पोटावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो तेवढ्यात चालतो, फक्त जास्त तापतो.

दुसरा घ्यायचा विचार असेलच, तर बाजारात रस्त्यावर मिळणारे सहा ए पोर्टवाले '१२० वॉट' टाळा. एकाच्या पोटावर मी वाचलंय: ५ व्होल्ट, एकूण ३.१ ॲम्पिअर. गुणाकार करा, साडेपंधरा वॉट. सहा मोबाईल लावले तर प्रत्येकाला अडीच. भारतीय मानक ब्युरोचा 'आर' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तो खरा आहे का तेही बघा.

आणि एक राहिलं. लाईट गेल्यावर पॉवर बँकेवर चालावा म्हणून हल्ली बरेच जण वायफायचा राउटर यूएसबी केबलने चालवतात. लाईट असताना तो असल्या वाटणीच्या चार्जरला लावू नका. कोणीही शेजारी मोबाईल लावला की राउटर रीस्टार्ट होणार, आणि तुम्ही इंटरनेटवाल्याला फोन करत बसणार.