सुरुंग काढणारे जवान डोकं एवढं शांत कसं ठेवतात? मेडिटेशन करतात का? आम्हाला परीक्षेत ते वापरता येईल का?

आमच्यात मेडिटेशन बिडिटेशन कोणी करत नव्हतं. मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे आर्मीच्या इंजिनिअर लोकांतला, रिटायर होऊन आता नागपुरात मानकापूरला राहतो. २००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला, मग ऑपरेशन पराक्रममध्ये बॉर्डरवर सुरुंग पेरले अन् नंतर काढायलाही सॅपरच. राजस्थानात वाळू सरकते, म्हणजे रेकॉर्डमध्ये सुरुंग एकीकडे अन् जमिनीत भलतीकडे. एम-१४ सुरुंग मुठीत मावतो, बॉडी प्लास्टिकची, बारूद तीसेक ग्रॅम, पण पाऊल जायला तेवढी बस्स. प्रॉडर, म्हणजे जमीन टोचून पाहायची सळई, तिरपा, ३० अंशात सरकवायचा, म्हणजे टोक सुरुंगाच्या बाजूला लागतं, वरून दाब पडत नाही. कडक लागलं की हात तिथंच थांबला पाहिजे. हे इतकं घोटून घेतात की डोक्याला विचारावंच लागत नाही.

एकदा सकाळी घरून निरोप आला, बाबांना ॲडमिट केलं. सोबत्यानं उस्तादला सांगितलं अन् उस्तादनं मला लेनमध्ये, म्हणजे सुरुंग काढायच्या पट्ट्यात, जाऊच दिलं नाही. "तेरा दिमाग आज नागपूर में है, तू पानी पिला सबको." मी जाम चिडलो, पण दिवसभर पाणीच वाटलं. आता हीच गोष्ट आमचे साडूभाऊ, जे धरमपेठेत श्वासाचे क्लास घेतात, लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर सांगतात की भाऊजींना घाबरले म्हणून बाहेर काढलं होतं! अहो, घाबरत तर सगळेच होते. ज्याला भीतीच वाटत नाही त्याच्या मागे मी लेनमध्ये पाय टाकणार नाही, लिहून देतो. ज्याचं मन आज जाग्यावर नाही त्याला आज हात लावू द्यायचा नाही, याला शिस्त म्हणतात. घाम डोळ्यात जाऊन राहिला असताना श्वास मोजत बसलं तर प्रॉडरकडे पाहणार कोण?

हां, पायलट लोकांचं मला माहीत नाही, त्यांचं काम सेकंदाचं, तिथं आमचा हळूपणा चालायचा नाही. अन् श्वासानं कोणाला बरं वाटत असेल तर करा बाप्पा, माझी ना नाही. परीक्षेचं म्हणशील तर पेपर घड्याळ लावून सोडवत जा, बाकी तिथं उस्ताद नसतो.

बाबा तेव्हा बरे होऊन घरी आले. अन् साडूभाऊ तर त्या वेळी सोयरेही झाले नव्हते, त्यांना हे कोणी सांगितलं ते एकदा कळू द्या मला.