सोनेरी अमोनाइटवर पांढरी पावडर येतेय, काय करू? आणि कोल्हापुरात राहून असे जमवता येतात का?

आधी पावडरीचं बोलू, कारण ते थांबायचं काम नाही. तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन घेतलेला अमोनाइट (वेढ्यावेढ्यांच्या शंखाच्या, नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म) शोकेसमध्ये ठेवला होता, जुलैपासून पांढरी-पिवळट पावडर यायला लागली आणि म्हणून ओल्या कापडानं पुसून घेतला. तर ते पुसणं आजपासून बंद करा, पाणी अजिबात लावू नका.

माझा पहिला अमोनाइट असाच गेलाय. रुपयाच्या नाण्याएवढा होता, कापसात गुंडाळून डबीत ठेवलेला आणि डबी लाकडी कपाटात. आपल्या इथला पावसाळा तुम्हाला सांगायला नको, भिंतीला ओल, चपलांना बुरशी, मीठ पाणी सोडतंय. गणपतीच्या आधी आवराआवरी करताना डबी उघडली तर आधी गंधकाचा उग्र वास आला, मग दिसलं की बाहेरचा वेढा चिरलाय, कापूस तपकिरी होऊन हाताला चुरतोय आणि खाली ठेवलेली कागदाची चिठ्ठी अ‍ॅसिड पडल्यासारखी करपलीय. अ‍ॅसिडच होतं ते. असा अमोनाइट सोनेरी दिसतो तो पायराइट या खनिजामुळं, आणि पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक, दमट हवेत त्याचा ऑक्सिजनशी संबंध आला की लोखंडाचं सल्फेट आणि सोबत सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार होतं. ते सल्फेट मूळ पायराइटपेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून दगड आतून फुगतो आणि फुटतो. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हे सगळं जोरात चालतं आणि कोल्हापुरात पावसाळ्याचे महिने आर्द्रता त्याच्या खाली येतच नाही म्हटलं तरी चालेल.

आता करायचं काय, तर मास्क घाला आणि कोरड्या मऊ ब्रशनं पावडर झाडून घ्या, ती गोळा करून टाकून द्या आणि हात धुवा. तो नग बाकीच्यांपासून बाजूला काढा, रोग उडून लागतो असं नाही पण त्याचं अ‍ॅसिड शेजारच्या वस्तू आणि चिठ्ठ्या खातं. मग घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरपूर सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घालून त्यात दोनतीन आठवडे ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० डिग्रीला तापवून परत वापरता येतात. डब्यात आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर टाका, काही शे रुपयांत मिळतो, आकडा ४० च्या आसपास राहिला पाहिजे. पूर्ण वाळल्यावरच अ‍ॅसिटोनमध्ये पातळ केलेलं पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लेप) लावा, म्युझियमवाले हेच वापरतात कारण ते नंतर काढता येतं. पण लेप लावला म्हणजे सुटलो असं धरू नका, लेपातूनही दमटपणा हळूहळू आत जातोच, खरं काम डबा आणि जेलच करतात. अमोनियाच्या वाफेनं अ‍ॅसिड मारायची पण पद्धत आहे, ती घरात करू नका, वाफ डोळ्या-छातीला वाईट.

माझा फुटलेला तुकडा मी गुजरीत ओळखीच्या सराफाकडे घेऊन गेलो होतो. त्यांनी कसोटीवर घासला, सोन्याची रेघ पिवळी येते, याची हिरवट काळी आली. सोनेरी रंग मारलेला नकली माल ऑनलाइन विकला जातो, तुमच्याकडं तुटका कण पडला असेल तर सिरॅमिक टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासून बघा, अशीच हिरवट काळी रेघ पाहिजे. अखंड नगावर मात्र हा प्रयोग करू नका.

जमवण्याचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्यात अमोनाइट मिळणार नाहीत. आपला काळा दगड लाव्हाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि अमोनाइट समुद्रातले, जे साधारण त्याच सुमाराला जगातून संपले. भारतात कच्छमध्ये आणि तमिळनाडूत अरियलूरकडे सापडतात, पण कच्छमधले बहुतेक असे सोनेरी नाहीत. हिमालयातला शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच आणि आमच्या देवघरातल्याच्या चक्रात सोनेरी कण आहेत, तो पायराइटच. त्याला रोज स्नान असतं तरी टिकलाय, कारण कण घट्ट आणि मोठे आहेत, शिवाय आई लगेच पुसून कोरडा करते. बारीक, सच्छिद्र पायराइट असेल तर ते लवकर सडतं.

मी स्वतः शोधलेला एकच, इंग्लंडमध्ये डॉर्सेटला चारमथच्या किनाऱ्यावर, बहीण तिकडं असते म्हणून जमलं. लाइम रीजिसच्या शेजारी, मेरी अ‍ॅनिंग (१७९९-१८४७) जिथं जीवाश्म गोळा करायची तोच भाग. १९ कोटी वर्षांहून जुना काळा चिखल, त्या काळी तळाशी ऑक्सिजनच नव्हता, जिवाणूंनी गंधकाचा वायू सोडला, तो चिखलातल्या लोखंडाशी मिळाला आणि शिंपल्याच्या पोकळीत पायराइट भरलं. हिवाळ्यात वादळानंतर ओहोटीला जायचं. पायराइट जड, त्यामुळं लाटा त्याला खडीच्या ठराविक पट्ट्यात आणून टाकतात, तिथं गुडघ्यावर बसून दोन तास बघत राहिलो आणि काळ्या खड्यांमध्ये बोटाच्या पेरापेक्षा लहान, पण एकेक वेढा आणि त्यावरच्या बरगड्या मोजता येतील असा मिळाला. काय वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. हातोडा लागत नाही, सुटे पडलेले उचलायचे, कडा खोदायचा नाही आणि कड्याखाली उभं राहायचं नाही, तो चिखल खाली येतो. घरी आणून गोड्या पाण्यात ठेवून, पाणी बदलत मीठ काढलं, मग नीट वाळवला. पाणी लावायची वेळ ती एकच.

तुमचा जितका शाबूत आहे त्याचे फोटो आजच काढून ठेवा, सगळ्या बाजूंनी, आणि कुठला आहे, कुणाकडून घेतला ते नव्या चिठ्ठीवर लिहून ती डब्याच्या बाहेरून चिकटवा, आत ठेवली तर माझ्यासारखी करपेल.