वाचक विचारतात : एचआर शिकताना अडलेले प्रश्न

मनुष्यबळ व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची पत्रे या वेळी बरीच आली. बहुतेकांची तक्रार एकच आहे. वर्गात प्रेरणा, नेतृत्व आणि संघभावना शिकवतात, आणि इंटर्नशिपला गेल्यावर समोर येतात मस्टर (हजेरीपट), पीएफ-ईएसआयची चलने आणि वैतागलेला कामगार. निवडक पत्रे संक्षेपाने देत आहोत.

प्रश्न : मी ४० माणसांच्या कारखान्यात इंटर्नशिप करतो. एका कामगाराची पगारचिठ्ठी हाताने काढून पाहिली. एकूण पगार १४,५०० रुपये. त्यात बेसिक व महागाई भत्ता मिळून १३,००० आणि इतर भत्ता १,५००. मी पीएफ १३,००० वर धरून १,५६० काढला. चिठ्ठीत मात्र १,७४० कापले आहेत. कोणाचे बरोबर?
– एमबीए दुसरे वर्ष, नाशिक

उत्तर : अकाउंट्सवाल्यांचे, बहुधा. भत्त्याचे नाव बघू नका, तो कोणाला आणि कशासाठी मिळतो ते बघा. सरसकट सगळ्यांना दरमहा मिळणारा, जादा कामाशी किंवा उत्पादनाशी न जोडलेला भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. तुमचा ‘इतर भत्ता’ तसा असेल तर १४,५०० चे १२ टक्के म्हणजे १,७४०. बेसिक कमी दाखवून उरलेली रक्कम भत्त्यांत टाकायची जुनी युक्ती इथेच अडकते.

मालकाचा वाटाही १,७४०, पण तो एका खात्यात जात नाही. ८.३३ टक्के, म्हणजे १,२०८ रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि ५३२ रुपये पीएफ खात्यात. पासबुक पाहून ‘कंपनीने माझे पैसे कमी भरले’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कामगाराला हे दोन आकडे कागदावर मांडून दाखवा. त्याशिवाय अर्धा टक्का विमा योजनेसाठी आणि अर्धा टक्का प्रशासकीय शुल्क.

ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) वजावट ०.७५ टक्के : १०८.७५, पण रुपयाच्या वर पैसे आले की पुढचा पूर्ण रुपया धरतात, म्हणून १०९. मालकाचे ३.२५ टक्के, ४७२ रुपये. व्यवसाय कर महाराष्ट्रात पुरुषाला १०,००० च्या वर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना २५,००० पर्यंत माफ. तेव्हा या कामगाराच्या हातात १२,४५१ रुपये पडतात आणि बोनस, ग्रॅच्युइटी न धरताही तो कंपनीला १६,८५७ रुपयांना पडतो. मुलाखतीत ‘सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) आणि इनहँडमध्ये एवढा फरक का’ हा प्रश्न हमखास येतो. हे एक उदाहरण तोंडपाठ ठेवा.

खरी गफलत बिनपगारी रजेत होते. समजा ३१ दिवसांच्या महिन्यात पाच रविवार आले आणि माणूस दोन दिवस गैरहजर राहिला. कॅलेंडरच्या दिवसांनी भागायचे तर २९/३१, म्हणजे १३,५६५. कामाच्या २६ दिवसांनी भागायचे तर २४/२६, म्हणजे १३,३८५. कंपनीच्या धोरणात असेल ती पद्धत वर्षभर चालवा. पण नवशिका हमखास काय करतो? हजेरीचे २४ दिवस घेतो आणि ३१ ने भागतो. उत्तर येते ११,२२६. पाचही साप्ताहिक सुट्या बुडाल्या! सात तारखेला कामगार दारात उभा राहतो तो यामुळे.

आणखी एक जागा. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे. जुलैत कोणाचा पगार २०,५०० चा २१,५०० झाला की शिकाऊ मंडळी त्याच महिन्यात वजावट थांबवतात. तसे करता येत नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा एक अंशदान काळ आणि ऑक्टोबर ते मार्च दुसरा. मध्येच मर्यादा ओलांडली तरी ३० सप्टेंबरपर्यंत वजावट पूर्ण २१,५०० वर चालू राहते. त्या अंशदानावर पुढच्या जानेवारी ते जूनमधले लाभ उभे असतात, म्हणून हट्टाने चालू ठेवायची. पीएफ आणि ईएसआय, दोन्हींची चलने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची. १४ ला भरायला बसू नका. आधारवरचे नाव आणि यूएएनवरचे (पीएफच्या कायम खाते क्रमांकावरचे) नाव जुळत नाही हे नेमके तेव्हाच कळते.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी गळतीचा (नोकरी सोडून जाणाऱ्यांचा) दर काढला. सहा महिन्यांत १७ जण गेले, सरासरी संख्या १७०. दर १० टक्के आला. मॅनेजर म्हणाले, ‘दहा टक्के म्हणजे उत्तम.’ मला शंका आहे.
– एमपीएम, पुणे

उत्तर : शंका रास्त आहे. १० टक्के हा सहामाही दर झाला. वर्षाच्या हिशेबाने तो २० टक्के. अहवालात कालावधी न लिहिता नुसती टक्केवारी दिली की असे समाधान स्वस्तात मिळते. पण त्याहून मोठे काम पुढे आहे. त्या १७ जणांच्या नोकरीचा काळ लिहून काढा. त्यातले दहा-बारा पहिल्या ९० दिवसांतच गेले असतील तर पगारवाढीने काही साधणार नाही. भरतीच्या वेळी काय सांगितले आणि पहिल्या आठवड्यात काय मिळाले ते तपासा. ‘जनरल शिफ्ट’ सांगून रात्रपाळी दिली असेल, बसचा थांबा घरापासून लांब असेल. तीन-चार वर्षांचे लोक जात असतील तर पगार, बढती आणि तो विभागप्रमुख, या क्रमाने बघा. स्वतःहून गेलेले, काढलेले, निवृत्त झालेले आणि करार संपलेले हे चार गट वेगळे मांडा. एक्झिट फॉर्मवरच्या ‘घरगुती कारण’ या शेऱ्यावर विसंबू नका. रिलीव्हिंग लेटर हातात पडायच्या आधी कोणी साहेबाविरुद्ध लिहीत नसते.

प्रश्न : मास्लो, हर्झबर्ग वगैरेंच्या प्रेरणेच्या सिद्धांतांचा कारखान्यात खरेच उपयोग होतो का?
– बीबीए, सोलापूर

उत्तर : मास्लोचा गरजांचा पिरॅमिड परीक्षेपुरता. हर्झबर्गचा होतो, एका मर्यादेत : कँटीन, बस, पंखा, पगाराची तारीख या गोष्टी बिघडल्या तर नाराजी पेटते, पण त्या सुधारल्या म्हणून कोणी जीव ओतून काम करू लागत नाही. मात्र त्याचा १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पिट्सबर्ग भागातल्या इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींवरचा होता. कंत्राटी हेल्परला तो जसाच्या तसा लावू नका. त्याच्यासाठी पगारच प्रेरणा असू शकते.

प्रश्न : अंतर्गत चौकशीचे कागद फाइल करायचे काम मिळाले आहे. आमच्या वकिलांनी आरोपपत्र परत पाठवले; ‘यावर काहीही टिकणार नाही’ म्हणाले. त्यात लिहिले होते, ‘आपण नेहमी उद्धटपणे वागता व काम टाळता.’ यात चुकले काय?
– डीएलएल अँड एलडब्ल्यू, कोल्हापूर

उत्तर : ‘नेहमी’ हा शब्द चुकला. कामगार त्याला उत्तर काय देणार? आरोपपत्रात तारीख, वेळ, जागा, नेमके कृत्य आणि स्थायी आदेशातले (आस्थापनेच्या सेवानियमांतले) गैरवर्तनाचे कलम, एवढे हवेच. उदाहरणार्थ : ‘अमुक तारखेस दुसऱ्या पाळीत सायंकाळी ६.२० च्या सुमारास प्रेस शॉपमधील मशीन क्र. ४ जवळ पर्यवेक्षकांनी काम सुरू करण्यास सांगितले असता आपण नकार दिला व “काय करायचे ते करा” असे म्हणालात.’ हे वाक्य खरे की खोटे, हे साक्षीने ठरवता येते. बोललेले शब्द जसे बोलले तसेच लिहा. शिवी असली तरी ‘अपशब्द वापरले’ म्हणून मोकळे होऊ नका. भाषा कामगाराला समजेल ती. इंग्रजी आरोपपत्रावर मराठी माणसाची सही घेणे म्हणजे पुढच्या वादाला आमंत्रण.

पुढचे टप्पे कागदावर सोपे दिसतात : खुलाशासाठी मुदत, खुलासा असमाधानकारक वाटल्यास चौकशी अधिकाऱ्याची नेमणूक, साक्षी, उलटतपास, कामगाराचा बचाव, अहवाल, अहवालाची प्रत देऊन त्यावर म्हणणे मागवणे आणि मग शिक्षेचा आदेश. चौकशा कोसळतात त्या तीन ठिकाणी. ज्या पर्यवेक्षकाशी भांडण झाले त्यालाच, किंवा त्याच्या साहेबाला, चौकशी अधिकारी नेमतात. साक्षीदाराचा लेखी जबाब जोडतात, पण त्याला उलटतपासासाठी समोर आणत नाहीत. आणि कामगार एका तारखेला आला नाही की नोटीस पोहोचल्याचा पुरावा न ठेवता एकतर्फी चौकशी उरकतात. रजिस्टर पोस्टाची पावती, परत आलेला लिफाफा, सूचना फलकावर लावलेली प्रत, हे सगळे फाइलमध्ये हवे. लिफाफा फोडू नका, तसाच ठेवा. रोजच्या कामकाजाच्या प्रत्येक पानावर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. कामगाराने नकार दिला तर तसा शेरा लिहून साक्षीदाराची सही.

कामगार निलंबित असेल तर पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो. त्यानंतरचा उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. भत्ता थकवून चौकशी चालवली तर बचावाची वाजवी संधी मिळाली नाही, असे म्हणायला त्याला जागा मिळते.

प्रश्न : आमच्या नोट्स जुन्या कायद्यांच्या आहेत. आता चार श्रम संहिता आल्या. जुने सोडून द्यायचे का?
– एमबीए पहिले वर्ष, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सोडू नका. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि २९ कायदे त्यांत सामावले. पण आधीचे वाद, जुने निवाडे आणि ‘कामगार कोण’ यावरची सारी चर्चा जुन्या कलमांच्या भाषेतच आहे. शिवाय २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा, राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा आणि व्यवसाय कर या संहितांच्या बाहेरच आहेत.

नव्यातले तीन मुद्दे आधी पक्के करा. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही, एका वर्षाच्या सेवेवर ती लागू होते. आणि नोकरी सोडली किंवा काढले, तर थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे. या तिसऱ्याने एचआरची खरी धावपळ होते, कारण नो-ड्यूज (काही देणे बाकी नसल्याचा) फॉर्म स्टोअर, आयटी, कँटीन असा फिरत महिना-दीड महिना घालवायची सवय सगळीकडे आहे. आता राजीनामा हातात पडला त्याच दिवशी शिल्लक रजा, उचल, परत घ्यायच्या वस्तू आणि नोटिशीचे दिवस यांचा तक्ता करायला घ्यायचा. शेवटच्या दिवशी फक्त हजेरी भरायची उरली पाहिजे.