पहिल्या टाकीचं काय?

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला आला, तेव्हाच वाचला, पण उत्तर दिलं नाही कारण रागात काहीतरी लिहून बसलो असतो. तुमचा प्लेटिंगचा, म्हणजे लोखंडी पार्टवर झिंकचा थर चढवायचा गाळा भाड्याने द्यायचा की कर्ज काढून झिंक-निकेलची ऑटोमॅटिक लाइन टाकायची, बाबा म्हणतात तुला इंजिनीअर केलं ते ॲसिडच्या वाफा खायला नाही, आई म्हणते आधी लग्नाचं बघू. सगळं वाचलं. तुझी एक्सेल शीट पण बघितली, हप्ता व्याज लाइटबिल सगळं नीट मांडलंयस. आणि मधेच एका ओळीत उरकलंयस की तीन लॉट परत आले, माल फोड धरतोय, केमिकलवाल्याने ब्राइटनर, म्हणजे चमक आणणारं केमिकल, बदलायला सांगितला.

एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये पहिल्या टाकीबद्दल एक शब्द नाही गं. डीग्रीझिंगमधून, म्हणजे तेल काढायच्या त्या पहिल्या टाकीतून, पीस बाहेर आला, पाण्यात बुडवून वर धरला, त्यावर पाणी कसं बसलं ते बघितलंस का? सलग पडदा राहिला की फाटला? फाटून थेंब झाले तर तेल आहे, आणि तेलावर झिंक चढलेलं दिसतं पण बसलेलं नसतं. हे तू कॉलेजात शिकलीच असशील, मला माहितीये. पण शिकणं वेगळं आणि रोज सकाळी टाकीपाशी उभं राहून बघणं वेगळं.

केमिकलवाल्यावर माझा राग नाही, त्याला माल विकायचाय. तो येतो, तुझ्या प्लेटिंगच्या टाकीतलं २६७ मिली सोल्युशन हल सेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या छोट्या टाकीत, घेतो, पट्टी लावतो, चकाचक करून दाखवतो. पण ती पट्टी तो घरून स्वच्छ करून आणतो ना! तुझा माल प्रेसचं तेल लागलेला, दोन दिवस उघड्यावर पडलेला असतो. त्याची पट्टी चमकली म्हणून तुझा माल टिकेल असं कुठेय?

आमच्या घरात हे माझे आजोबा सांगायचे, आणि त्यांनी प्लेटिंगची टाकी आयुष्यात बघितली नव्हती. ते कल्हई करायचे, कसब्यात, नदीच्या बाजूला. भाता, कोळसा, नवसागर आणि कथलाची कांडी, एवढाच कारखाना. कथील २३२ डिग्रीला वितळतं हे त्यांना आकड्यात माहीत नव्हतं, नवसागराच्या धुरावरून कळायचं. पण दिवसाचं अर्धं काम घासण्याचं. मोठं पातेलं असलं की वाळू टाकून आत उभे राहायचे आणि पायाने गोल गोल घासायचे, भिंतीला धरून, तासभर. मग धुऊन उन्हात तिरकं धरायचे आणि म्हणायचे, पाणी फाटलं तर कल्हई फाटणार. गिऱ्हाइकाला घाई असली तर भांडं परत द्यायचे, तसंच, न करता. कल्हई कच्ची राहिली तर ताक कळकतं, माणसं आजारी पडतात, आणि नाव कल्हईवाल्याचं जातं.

१९६१ च्या जुलैमध्ये पानशेत फुटलं त्यात खोली, भाता, लोकांची भांडी सगळं गेलं. भांडी लोकांची होती म्हणून आजोबांनी आठ वर्षं ती भरून दिली. तोवर घरोघरी स्टील यायला लागलं होतं, कल्हईला पुढे दिवस नव्हते हे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओळखलं आणि ते शहरातल्या एका निकेलच्या दुकानात बफिंगला लागले. १९७३ ला भोसरीत स्वतःचा गाळा. सायकलचे पार्ट, मग स्कूटरचे, निकेल आणि वर क्रोम. चांगले दिवस होते, चिंचवड-आकुर्डी पट्ट्यात जो तो वेंडर शोधत होता.

पण ते दिवस मी सोन्याचे वगैरे म्हणणार नाही. क्रोमच्या टाकीवर वाफ ओढणारा पंखा नव्हता. अण्णांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलं, झोपले की श्वासाची शिटी वाजायची, आम्ही भावंडं लहानपणी त्या आवाजावरून ओळखायचो अण्णा झोपले. क्रोमवर काम करणाऱ्या कितीतरी जणांना ते व्हायचं आणि कोणी डॉक्टरकडे जायचं नाही. तुझे बाबा वाफांबद्दल बोलतात ते उगाच नाही बोलत, त्यांनी पण ती माणसं बघितलीत. त्यांच्याशी भांडू नको. आधी एक्झॉस्ट दाखव, मग लाइनचं बोल.

आणि एक सांगतो जे तुझ्या बाबांना पण कधी सांगितलं नाही. ८० च्या दशकाच्या शेवटी माझ्याकडे गाळ्याचं काम आलं तेव्हा क्रोमचं पिवळं पाणी नाल्यात जायचं. काय करायचं ते मला माहीत होतं, ॲसिड टाकून पीएच तीनच्या खाली आणायचा, मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळ्याचं हिरवं झालं की चुना, गाळ खाली बसतो, वरचं पाणी मग सोडायचं. अवघड काहीच नाही. मेटाबायसल्फाइटची पोती आणूनही ठेवली होती, तपासणीला कोणी आलं तर दाखवायला. रात्री झडप उघडायची. नाला जातो इंद्रायणीला. आणि अण्णा दर कार्तिकीला आळंदीला चालत जायचे. एका वर्षी मी बरोबर होतो, त्यांनी घाटावर वाकून ओंजळ भरली, डोळ्याला लावली, प्यायले. मी शेजारी उभा होतो आणि काही बोललो नाही. अण्णा जाऊन बावीस वर्षं झाली, ती ओंजळ अजून डोळ्यासमोरून हलत नाही. ती ओंजळ बघितली त्याच महिन्यात पाणी साफ करायच्या टाक्या बांधल्या मी, आता सगळा गाळ रांजणगावला घातक कचऱ्याच्या केंद्रावर जातो, चलन फाइलला आहे. पण आधीचं पाणी गेलं ते गेलं.

तर मी शहाणा म्हणून तुला लिहीत नाहीये. पहिल्या टाकीवरून पण मी घसरलोय. १९९८ साली १२.९ ग्रेडचे बोल्ट आले होते, हाय टेन्साइल, पार्टी रोज फोन करायची, गाडी दारात उभी. डीग्रीझिंगची टाकी थंड होती, हीटर गेलेला, तेल निघेना. मी काय केलं, गंज काढायच्या ॲसिडमध्ये, म्हणजे पिकलिंगमध्ये, जास्त वेळ ठेवले, म्हटलं तिथे निघेल. ॲसिडने तेल निघतं का कधी? निघत नाही. वर हायड्रोजन लोखंडात शिरला तो वेगळाच, त्याने असा कडक बोल्ट ठिसूळ होतो. प्लेटिंगनंतर लगेच, चार तासांच्या आत, दोनशे डिग्रीच्या आसपास बेकिंग करून तो हायड्रोजन काढायचा असतो, ते पण गाडी उभी होती म्हणून सोडलं. माल सुंदर दिसत होता. तिकडे संध्याकाळी बोल्ट कसले आणि सकाळी डोकी तुटून खाली पडलेली. मशीनचं फिक्स्चर होतं म्हणून बरं, गाडीत गेले असते तर? डेबिट नोट आली ती भरली, त्याचं काही नाही. झोप किती वर्षं लागली नाही ते विचार. आणि सुरुवात कुठे होती, तर पाणी फाटत होतं आणि ते मला दिसत होतं.

त्यानंतर मी हट्टी झालो, लोक म्हणतात जरा जास्तच. २००३ ला धाकट्याला प्रॉडक्शन वाढवायचं होतं, म्हणाला डीग्रीझिंगचे आठ मिनिट चारवर आणू, बॅरल, म्हणजे माल भरून फिरवायचे पिंप, दुप्पट निघतील. मी नाही म्हटलं. तो म्हणाला दादा हे कल्हईचं दुकान नाहीये. गाळे वाटले आम्ही, आई शेवटपर्यंत सकाळी एकीकडे आणि रात्री दुसरीकडे जेवली. आज त्याचा धंदा माझ्या तिप्पट आहे, माझ्याकडे चौदा माणसं. तू मनात म्हणत असशील की मग काका कुठे बरोबर ठरले. मी बरोबरच होतो. त्याने पुढे चांगली मशिनं टाकली, टाकी वाढवली, चार मिनिटावर तो पण टिकला नाही, हे तो मला नाही पण माझ्या पोराला सांगून गेलाय. भाऊ गमावला याचं दुःख आहे, आठ मिनिटांचं नाही.

आता तुझ्या झिंक-निकेलचं. मागणी आहे, खोटं नाही, १२ ते १५ टक्के निकेल नीट धरलं तर सॉल्ट स्प्रेला, म्हणजे मिठाच्या फवाऱ्याच्या गंज-चाचणीला, साध्या झिंकच्या कितीतरी पट टिकतं. पण झिंकवर शेवटी गंज रोखायला जो थर देतात ते पॅसिव्हेशन, त्यातल्या जुन्या हेक्साच्या, म्हणजे विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमच्या, पिवळ्या थराने आपली पापं झाकली, ओरखडा पडला तरी ते स्वतःच भरून काढायचं. युरोपने गाड्यांच्या पार्टमध्ये जुलै २००७ पासून ते बंद केलं, आपल्या एक्सपोर्टच्या पार्ट्या ट्रायवर, म्हणजे ट्रायव्हॅलंट क्रोमवर, आल्या, आणि त्या दोन वर्षांत इथले किती गाळे बंद पडले ते मी डोळ्याने बघितलंय. केमिकल महाग म्हणून नाही. ट्राय काही झाकत नाही, खालचं घासणं कच्चं असेल तर चार दिवसात पांढरा गंज फुलतो. झिंक-निकेल तर त्याहून नखरेल. ज्या गाळ्यात साध्या झिंकला फोड येतायत तिथे तू कोटभराची लाइन बसवणार आणि बँकेला हप्ता देणार कशातून?

म्हणून भाड्याने देऊ की लाइन टाकू हे मला आत्ता विचारू नको. गाळा भाड्याने दिलास तरी मी नाराज होणार नाही, खरंच. पण न बघता सोडू नको आणि न बघता कर्जही काढू नको. महिनाभर सकाळी पहिल्या शिफ्टला स्वतः जा. सोक क्लीनर, म्हणजे तेल काढायचं गरम पाणी, साठ-सत्तर डिग्रीला आहे का, वर तरंगणारं तेल शेवटचं कधी काढलं, इलेक्ट्रो क्लीनिंगचे, म्हणजे करंट देऊन साफ करायच्या टाकीचे, कनेक्शन गंजलेत का, मधल्या पाण्याच्या टाक्या बदलतात की तेच पाणी आठवडाभर. पोरं सांगतील मॅडम सगळं बरोबर आहे. त्यांच्यावर ओरडू नको, पीस वर धर आणि त्यांच्यासोबत बघ. तुमच्याकडे तो वयस्कर बॅरलवाला आहे ना, तुझ्या आजोबांच्या वेळचा, त्याला बघता येतं, पण त्याला इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नसेल.

रविवारी ये. दोन वाजेपर्यंत गाळा रिकामा असतो, चहा तिथेच करू. परत आलेल्या लॉटमधले न चढवलेले दहा-बारा पीस आण, तेल लागलेले, तसेच, फडक्याने पुसू नको. आणि बाबांना पण घेऊन ये, म्हणावं दादाने बोलावलंय.