हाताला जोर कमी आहे, डिस्क गोल्फ नुकतंच सुरू केलंय, तर लांब जाणारा ड्रायव्हर कोणता घेऊ? आणि डिस्कवरचे चार आकडे कसे बघायचे?

हाताला जोर कमी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला आधी तेच विचारायचं आहे. मलाही असंच सांगितलं होतं आणि मी सात महिने ते खरं धरून चालले, म्हणून लिहायला बसले. डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिस्बीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायचा खेळ, आणि ड्रायव्हर म्हणजे त्यातली लांब फेकायची डिस्क. कोणता ड्रायव्हर घ्यावा याचं माझं उत्तर दोन शब्दांत आहे, कुठलाच नाही. निदान पहिले सहा महिने तरी नाही.

माझा मावसभाऊ अमेरिकेत डेन्व्हरला असतो, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. तिकडे तो दर शनिवारी खेळतो. चार वर्षांपूर्वी डिसेंबरात नागपूरला आला तेव्हा आमच्यासाठी चार डिस्क घेऊन आला, दोन डिस्ट्रॉयर नि एक बॉस हे लांब जाणारे ड्रायव्हर, आणि बॅगेच्या तळाशी एक एव्हिआर, म्हणजे पटर, जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क. एव्हिआर काढून म्हणाला, "ही पोरीसाठी, असंच खेळायला." पोर म्हणजे माझी लेक, तेव्हा दहाची होती. आमच्या कॉलनीच्या मागे मोकळं ग्राउंड आहे, एका टोकाला कडुनिंब, बाकी बाभळी नि गाजरगवत. कडुनिंबाच्या खोडाला माझा जुना दुपट्टा बांधला, तीच आमची बास्केट. दादाने बॉस फेकली ती पार पलीकडच्या कंपाउंडपर्यंत गेली, लोक गच्चीवर येऊन बघून राहिले होते. मग मी फेकली. हातातून सुटली, थोडी सरळ गेली, आणि डावीकडे कलून जमिनीत आपटली. तीस पावलं. परत फेकली, तेच. लेकीची तर बारा पावलांवरच पडली. दादा म्हणाला, "काऊन गं, तुम्हा मायलेकींच्या हातात जोरच नाही. जिम लाव." लेक काहीच बोलली नाही. हातातली डिस्क मातीत ठेवली आणि घरी निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस "चल ग्राउंडवर" म्हटलं की "मला नाही जमत" एवढंच म्हणायची. दहा वर्षांच्या पोरीने "मला नाही जमत" म्हणावं यासारखी वाईट गोष्ट नाही, आणि ते एका चुकीच्या डिस्कमुळे!

दादा परत गेला. मी खरंच जिम लावली. रोज सकाळी ऑफिसच्या आधी डिस्ट्रॉयर घेऊन ग्राउंडवर, अंगातला सगळा जोर लावून फेकायचे. तिसाची पस्तीस पावलं झाली आणि उजवं कोपर धरलं. फिजिओथेरपिस्टने टेनिस एल्बो सांगितला, दीड महिना फेकणं बंद.

जुलैमध्ये परत सुरू केलं तेव्हा कोपराच्या भीतीने मी ती एव्हिआर उचलली, हळूच फेकू म्हटलं. पाऊस नुकताच उघडला होता, काळ्या मातीत चप्पल रुतून राहिली होती, धाव घेऊन फेकायची सोयच नव्हती. उभ्या उभ्याच फेकली, अर्ध्या जोरात. ती सरळ गेली. एकदम सरळ, रेघ ओढल्यासारखी, आणि शेवटी जराशी डावीकडे झुकून अलगद खाली बसली. पावलं मोजली, सेहेचाळीस. मला वाटलं चुकून झालं, म्हणून अजून नऊ वेळा फेकली. एकही फेक चाळिसाच्या आत पडली नाही.

घरी येऊन एव्हिआर आणि एक डिस्ट्रॉयर अशा दोन्ही डिस्क धुतल्या, डायनिंग टेबलवर उलट्या ठेवल्या आणि लेकीच्या कंपासमधली पट्टी घेऊन मोजल्या. दोन्हीचा व्यास जवळपास सारखाच, एकवीस सेंटीमीटरच्या थोडा वर. पण आपण बोटं अडकवतो तो काठ, म्हणजे रिम, एव्हिआरचा एक सेंटीमीटरच्या आसपास, बोथट आणि गोल. डिस्ट्रॉयरचा दोनच्या वर आणि धार केल्यासारखा निमुळता. लेकीने बोटं अडकवून बघितली, तिच्या बोटांची टोकं आतल्या भिंतीपर्यंत धड पोचतच नव्हती. जी डिस्क मुठीत मावत नाही ती पोरगी फेकणार कशी? आणि आम्ही तिच्या जोराला नावं ठेवून राहिलो होतो.

सगळा फरक त्या काठात आहे. पटरचा काठ अरुंद आणि बोथट, तो कमी वेगातही नीट तरंगतो. मिडरेंजचा, म्हणजे मधल्या अंतराच्या डिस्कचा, थोडा रुंद, फेअरवे ड्रायव्हरचा त्याहून रुंद, आणि डिस्टन्स ड्रायव्हरचा सगळ्यात रुंद. रुंद निमुळता काठ हवा कापतो, त्यामुळे लांब जातो हे खरं, पण तो हातातूनच तेवढ्या वेगाने सुटला तर. नाही सुटला तर त्या डिस्कचं सुरुवातीचं उडणं होतच नाही, ती थेट शेवटच्या टप्प्यात जाते, म्हणजे डावीकडे वळून पडणं. माझं सात महिने तेच होऊन राहिलं होतं. आणि जोर नि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दादाने मला कधी सांगितलंच नाही. डिस्कचा वेग कंबर, खांदा आणि मनगटाच्या टायमिंगमधून येतो, दंडातून नाही.

आता तुमचे आकडे. स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड, याच क्रमाने असतात. स्पीड म्हणजे डिस्क किती जोरात जाईल ते नाही, नीट उडायला तिला किती वेग लागतो ते. सगळे नवीन लोक इथेच फसतात, मोठा आकडा बघून घेतात. ग्लाइड म्हणजे किती वेळ तरंगते. टर्न म्हणजे वेगात असताना उजवीकडे किती जाते, तो आकडा बहुतेक शून्य किंवा उण्यात असतो, उणे तीन म्हणजे खूप. फेड म्हणजे वेग कमी झाल्यावर डावीकडे किती वळते. एव्हिआर दोन, तीन, शून्य, एक. डिस्ट्रॉयर बारा, पाच, उणे एक, तीन. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, मग माझं काय झालं ते आपोआप कळेल. टर्न जास्त नि फेड कमी तिला अंडरस्टेबल म्हणतात, नवीन माणसाला तीच सोपी. उलटी ती ओव्हरस्टेबल. हे आकडे प्रत्येक कंपनी आपले आपण ठरवते, कुठल्या सरकारी मापासारखे नसतात, त्यामुळे दोन कंपन्यांच्या स्पीड सातच्या डिस्क सारख्याच उडतील असं धरू नका.

हवेनेही फरक पडतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर, नागपूर तीनशेच्या जरा वर. तिकडे हवा विरळ, डिस्क टर्न कमी घेते नि फेड जास्त दाखवते. दादाची तिकडे सरळ जाणारी डिस्क त्या डिसेंबरात इथे दोनदा उजवीकडे बाभळीत गेली, तो वाऱ्यावर ढकलून मोकळा झाला. समोरून वारा असला तरी डिस्क जास्त टर्न घेते, मागून असला तर लवकर पडते.

वजनाचं तर मला आवर्जून सांगायचंय, कारण दादाशी फोनवर यावरून दोनदा वाजलं. तो म्हणतो, "खरी डिस्क १७५ ग्रॅमची, त्याखाली सगळी खेळणी." हे चूक आहे. पीडीजीएचा, म्हणजे या खेळाच्या संघटनेचा, नियम आहे की डिस्कचं वजन व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. एकवीस सेंटीमीटरच्या डिस्कचा हिशोब करा, १७५ च्या आसपासच येतो. म्हणजे १७५ ही वरची मर्यादा आहे, तेवढं असलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? दीडशे ग्रॅमची डिस्क कमी मेहनतीत वेग घेते. आणि "पटर म्हणजे पोराटोरांचं" हे त्याचं दुसरं वाक्य. पीडीजीए १९७६ ची, आणि निमुळत्या काठाची पहिली गोल्फ डिस्क इनोव्हा कंपनीने आणली १९८३ मध्ये. त्याआधी एवढी वर्षं लोक बोथट काठाच्या डिस्कनेच अख्खा कोर्स खेळत होते, ते काय सगळे पोरंटोरं होते?

तर घ्यायचं काय. एक पटर घ्या, एव्हिआर किंवा तसलाच कुठलाही. जमलं तर सोबत एक मिडरेंज, बझ्झ चांगली आहे, पाच, चार, उणे एक, एक. ड्रायव्हर घेतल्याशिवाय जीव राहतच नसेल तर लेपर्ड, सहा, पाच, उणे दोन, एक, आणि तीही दीडशे ते एकशे साठ ग्रॅममधली. माझ्या लेकीला मी दीडशेची लेपर्ड आणली. पहिले दोन दिवस हातच लावला नाही, तिसऱ्या दिवशी माझ्यामागे आपणहून आली. आज ती दुपट्टा बांधलेल्या खोडाला पन्नास पावलांवरून डिस्क लावते.

प्लास्टिक साधं घ्या, इनोव्हाचं डीएक्स. स्वस्त पडतं, हाताला चिकटतं, घामातही सुटत नाही. त्यांचंच चॅम्पियन नावाचं प्लास्टिक दिसायला काचेसारखं छान पण ओल्या हातातून निसटतं. साधं प्लास्टिक दगडावर आपटून लवकर घासतं, आणि घासलेली डिस्क अंडरस्टेबल होत जाते, ते नवीन माणसाच्या फायद्याचंच आहे. रंग गुलाबी किंवा भडक निळा घ्या. हिरवी पावसाळ्यात नि पिवळी उन्हाळ्याच्या वाळलेल्या गवतात सापडत नाही, मी एक पिवळी अशीच घालवली. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, डिस्क वाकते. आणि फुटाळा तलावाच्या काठावर मजा म्हणून फेकू नका, बहुतेक डिस्क बुडतात.

वर डावीकडे उजवीकडे जे लिहिलंय ते उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून बाहेर उघडत, फेकणाऱ्यांसाठी. डावखुरे असाल किंवा उजव्याने फोरहँड मारत असाल तर सगळं उलटं धरा. अल्टिमेट, म्हणजे फ्रिस्बीचा सांघिक खेळ, खेळून आला असाल तर हात बसलेला असतो, मग सरळ मिडरेंजपासून सुरू करा. आणि दादाबद्दल एवढं लिहिलं तरी हेही खरं की तो फेकतो उत्तम, त्याच्या हाताला तेवढा वेग आहे, त्याच्यासाठी बॉस बरोबरच आहे. माझं भांडण त्याच्या फेकण्याशी नाही, त्या दिवशी पोरीसमोर जे बोलला त्याच्याशी आहे.

या दिवाळीत तो येऊन राहिला आहे. ड्रायव्हर कपाटात राहतील, ग्राउंडवर तिघं जाऊ आणि तिघांच्या हातात पटरच असेल, पहिली फेक लेकीची.